हवीहवीशी धाकधूक

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आपण आजवर किती वेळा सांगितली, याचा हिशोब कुणालाच लागायचा नाही. म्हातारी लेकीच्या घरी निघते, वाटेत कोल्हा भेटतो, पुढे वाघ भेटतो. दोघांनाही ती खायची असते. म्हातारी त्यांना सांगते, आत्ता माझ्या अंगावर काही नाही, लेकीकडे चार दिवस खाऊन-पिऊन येते, परतताना खुशाल खा. आणि येताना ती भोपळ्यात बसून येते.

ऐकणाऱ्या मुलाला शेवट पाठ असतो. तरी वाघ आला की ते आपल्याला बिलगतं. आपण पेंगुळलेल्या असतो, गोष्ट आटोपती घ्यावी म्हणून वाघ गाळून टाकतो, तर लगेच आवाज येतो, "आणि वाघ?"

आज आम्ही या "आणि वाघ?"बद्दलच बोलणार आहोत. काळजी, भीती, जीव टांगणीला लागणं या गोष्टी संसारात आपण जमेल तितक्या टाळतो. मग पुस्तक वाचताना, मालिका बघताना, पत्ते खेळताना तीच धाकधूक आपल्याला हवीशी का वाटते? आमच्या श्रोत्यांपैकी एका आजींनी फोनवर फार छान विचारलं होतं, "बाई, घरात टेन्शन काय कमी आहे, म्हणून वर पुन्हा टीव्हीवर बघायचं?"

तर आधी भोपळ्याच्या गोष्टीचीच शिवण उसवून बघू. म्हातारी वाघाला "नको खाऊस" म्हणत नाही, "नंतर खा" म्हणते. तिथे संकट टळत नाही, फक्त पुढे ढकललं जातं, आणि परतीची वाट तीच आहे हे आपल्याला माहीत असतं. म्हणून लेकीच्या घरचे मजेचे दिवस ऐकतानाही मनात वाघ बसलेला असतो. दुसरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. भोपळ्यात म्हातारी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, वाघाला नाही. वाघ भोपळ्यालाच विचारतो, म्हातारी पाहिलीस का? त्या क्षणी मूल श्वास रोखून धरतं, ते आपल्याला जास्त माहीत असतं म्हणून.

आपल्याला वाटतं, पुढचं कळत नाही म्हणून उत्कंठा लागते. खरं तर पुष्कळदा उलटं असतं. इंग्रजी सिनेमाचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक भयपट आणि रहस्यपटांसाठी जगभर नावाजले गेले. फ्रान्सचे दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी त्यांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यांचं पुस्तक १९६६ साली निघालं. त्यात हिचकॉक एक उदाहरण देतात. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत. अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणं काही सेकंदांचं. आता तोच प्रसंग असा दाखवा, की बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकानं आधीच पाहिलाय, तो किती वाजता फुटणार हेही त्याला माहीत आहे, भिंतीवर घड्याळ आहे, आणि ती दोन माणसं मात्र निवांत गप्पा मारताहेत. आता त्याच फुटकळ गप्पा आपल्याला ऐकवत नाहीत. उठा, उठा, असं ओरडावंसं वाटतं. पंधरा सेकंदांच्या धक्क्याऐवजी पंधरा मिनिटांची धाकधूक मिळाली.

आपल्या म्हातारीनं भोपळ्यात बसून हेच केलं होतं, आणि तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणजे दचकणं वेगळं, कोडं वेगळं आणि धाकधूक वेगळी. कोडं म्हणजे, खून कुणी केला? ते आधी घडून गेलेलं असतं, आपण मागे वळून शोधतो. धाकधूक पुढे बघते: आता हिचं काय होणार? चांगला लेखक दोन्ही एकत्र विणतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं अजून कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. "असली पुस्तकं" म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. आमचं मत विचाराल तर, वाचनाची चटक लागायला अशा पुस्तकांइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. पान उलटलंच पाहिजे अशी ओढ एकदा लागली, की माणूस पुढे दुसरं जड काहीही वाचू शकतो.

मग शेवट आधी कळला तर मजा जाते का? लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाट्य १९५२ साली सुरू झालं आणि करोनाकाळातला खंड सोडला तर अजून चालू आहे. प्रयोग संपला की नट मंडळी प्रेक्षकांना विनवतात, शेवट बाहेर कुणाला सांगू नका. दुसरीकडे, कॅलिफोर्नियातल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला. ज्यांना शेवट माहीत होता त्यांनाच कथा थोड्या जास्त आवडल्या! नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही आढळलं, तेव्हा या प्रयोगाच्या जोरावर कुणी शेजारणीला मालिकेचा शेवट सांगून टाकू नये. पण एवढं दिसतं, की शेवट कळला म्हणून गोष्ट मरत नाही.

आपल्याला हे कीर्तनातून माहीतच आहे. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, उत्तररंगात आख्यान सुरू झालं. सीता सापडणार, द्रौपदीची लाज राखली जाणार, हे देवळातल्या शेवटच्या ओळीत बसलेल्या बाईलाही ठाऊक असतं. तरी बुवा ऐन प्रसंगाशी थांबतात, एक पद घेतात, झांजा वाजतात, आणि आपण ताटकळतो. कारण त्या घटकेला आपण शेवटाजवळ नसतो, सीतेजवळ बसलेल्या असतो, आणि सीतेला शेवट माहीत नसतो. माणूस जवळचं वाटलं की त्याची काळजी वाटते, आणि काळजी वाटली तरच धाकधूक लागते. म्हणून कित्येक मारधाडीच्या सिनेमांत इमारती कोसळतात आणि आपण शेंगा सोलत बसतो. त्या इमारतीत आपलं कुणी नसतं.

खेळात शेवट कुणीच लिहिलेला नसतो. तिथे धाकधूक नियमांतून तयार होते. सागरगोटे घ्या. एक गोटा वर उडाला, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. अख्खा ताण त्या एका उसळीत मावतो. कबड्डीत पूर्वी दम टिकेल तितकी चढाई, आता व्यावसायिक सामन्यांत तीस सेकंदांची. लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. हा नियम म्हणजे दुसरं काही नाही, हिचकॉकचं घड्याळ मैदानावर आणून टांगलंय.

पण आम्हाला सगळ्यात हुशार खेळ वाटतो तो मेंढीकोट. चार जणी, समोरासमोरच्या दोघी भिडू, प्रत्येकीला तेरा पानं. सगळा जीव चार दश्श्यांत, म्हणजे मेंढ्यांत. आता बंद हुकुमाचा डाव आठवा. एकीनं आपल्यातलं एक पान उपडं ठेवलं. हुकूम कुठला, ते फक्त तिला माहीत. बाकीच्या तिघी अंधारात, आणि त्यांतली एक तिचीच भिडू! मेंढी हातात आहे, उतारीच्या रंगाचं दुसरं पान नाही, म्हणजे ती टाकावीच लागणार. पलीकडचीकडे तो रंग नसला तर ती हुकूम उघडायला लावणार. तो कुठला निघेल? समोर भिडू निर्विकार चेहऱ्यानं बसलीय, डोळ्यानं खुणावलं तर भांडण. एका उपड्या पानानं चार बायकांना अर्धा तास जागेवरून उठू दिलेलं नसतं, चहा निवून जातो.

यात एक बारीक गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना जिंकण्याची शक्यता खरीखुरी हवी. एकीकडेच सगळे एक्के गेले की डाव मिळमिळीत होतो. लहानपणी धाकट्या भावंडाला आपण कच्चा लिंबू करायचो. त्याला पकडलं तरी तो बाद नाही. पहिल्या दिवशी स्वारी खूश असते. चौथ्या दिवशी रडत येते, "मला कच्चा लिंबू नको!" बाद होण्याची भीती काढून घेतली, तेव्हा खेळही काढून घेतला, हे त्या पाच वर्षांच्या जिवालाही कळतं.

शरीरात काय होतं म्हणाल, तर खऱ्या भीतीत होतं तेच. छाती धडधडते, श्वास वर राहतो, तळहात ओले होतात. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की ही धडधड संकट टळल्याबरोबर ओसरत नाही, थोडा वेळ मागे उरते आणि सुटकेच्या आनंदात मिसळते. म्हणून आधीची घालमेल जितकी मोठी, तितका "हुश्श" मोठा.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. घरातलं टेन्शन आणि टीव्हीवरचं टेन्शन, धडधड तीच. पण पुस्तक मिटता येतं. मालिका बंद करता येते. मेंढीकोट हरलं तर पुढचा डाव वाटता येतो. रात्री साडेअकरापर्यंत घरी न आलेल्या माणसाची वाट बघताना, तपासणीचा रिपोर्ट हातात यायच्या आधी, पेरणी करून आभाळाकडे बघताना यातलं काहीच आपल्या हातात नसतं. त्या घालमेलीला शेवट कधी आणि कसा, याचं वचन कुणी दिलेलं नसतं. गोष्ट सांगणारा ते वचन देतो: ताटकळवीन, पण अर्ध्यात सोडणार नाही. ज्या बाईच्या दिवसात दुसऱ्या प्रकारची काळजी काठोकाठ भरलेली असते, तिला रात्री अर्धा तास पहिल्या प्रकारची हवीशी वाटते, यात आम्हाला नवल वाटत नाही. त्यावरून तिला कुणी हिणवू नये.

मात्र हीच धाकधूक विकणारेही आहेत. १९६०च्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका बघा. आकडा एका वेळी पुरा सांगत नाहीत. आधी ओपन, मग काही तासांनी क्लोज. ओपन लागला की माणूस क्लोजपर्यंत ना कामात असतो ना घरात. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि एक आकडा लागला तर साधारण रुपयाला नऊ रुपये. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा देऊन नऊ परत. हे गणित चौथीच्या मुलीला सुटतं. मग घरचा कर्ता माणूस पगार घेऊन तिथे का जातो? तो त्या मधल्या तासांचं गिऱ्हाईक असतो. माकडांवरचा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. फळांचा रस नक्की मिळणार किंवा नक्की नाही, हे माहीत असताना मेंदूतल्या काही पेशी वाट बघण्याच्या काळात शांत होत्या. मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, की त्याच पेशी वाट बघताना सगळ्यात जास्त चेतत. फोनवरचे पैशांचे खेळ याच घालमेलीवर पोसले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी चोरवाटा असतात, घरातल्या फोनवर आपलं लक्ष हवं.

घरात कुणी असं अडकलं असेल, तर "तुला पैशांची हाव" असं म्हणून उपयोग होत नाही, हा आमचा अनुभव. हाव असती तर त्यानं हिशोब केला असता. एक साधा प्रश्न विचारून बघा: हरल्यावर उठता येतं का? मेंढीकोटाच्या डावातून स्वयंपाकाची वेळ झाली की आपण उठतो. ज्याला उठता येत नाही, त्याला ओरडण्यापेक्षा जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा समुपदेशकाकडे न्यावं. हा आजार मानला जातो, त्यावर उपचार आहेत.

आणि ज्यांच्या गटात पापड लाटताना किंवा शिवणकाम करताना एकीनं पुस्तक मोठ्यानं वाचायचा परिपाठ आहे, त्यांना एक युक्ती. प्रकरण संपलं की थांबू नका. प्रकरणाच्या शेवटी लेखकानंही दम घेतलेला असतो, तिथे थांबलं की पुस्तक आठवडाभर तसंच पडून राहतं. पुढच्या प्रकरणाची दीड-दोन पानं वाचा, दार वाजेपर्यंत. कोण आलंय ते न वाचता खूण घाला आणि पुस्तक वाचणारीनं आपल्या पिशवीत घालून घरी न्यावं. गटाच्या कपाटात ठेवलंत, तर कुणीतरी रात्रीतून चावी मागायला येईल.