काचेच्या पेटीतला शेजार

गप्पी मासा आपल्याला ठाऊक आहे. आरोग्य खात्याची माणसं हौदात, डबक्यात गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या खातात. डास कमी झाले की हिवतापही कमी होतो. हा झाला कामाचा मासा.

काही मासे हौसेसाठी पाळतात. पूर्वी असे मासे पाहायला मुंबईला जावे लागे. तिथे समुद्राच्या काठी १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. लांबलांबचे लोक लेकरांना घेऊन ते पाहायला जात. आता मासे ठेवायची काचेची पेटी खेड्यातल्या घरातही येऊ लागली आहे.

शहरातल्या दुकानात छोट्या बाटलीत एकेकटा ठेवलेला एक मासा दिसतो. त्याला फायटर म्हणतात. त्याचे दुसरे नाव बेट्टा. दुकानदार सांगतो, "नर भांडखोर असतो. मादी गरीब. मादी न्या आणि कुणाबरोबरही सोडा." हे बोलणे अर्धे खरे आहे. अर्ध्या खऱ्यावर विसंबले की पैसे जातात आणि मुका जीवही जातो. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

हा मासा कुठला?

बेट्टा हा थायलंडचा मासा. या देशाला पूर्वी सियाम म्हणत. तिथे भाताची खाचरे फार. खाचरातल्या, डबक्यातल्या उथळ पाण्यात हा मासा राहतो. आपल्याकडे कोंबड्यांच्या झुंजी लावत, तशा तिथे या माशाच्या झुंजी लावीत. म्हणून त्याला लढाऊ नाव पडले. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले.

हा मासा लहान, अडीच इंचांच्या आसपास. नराचे पर लांब आणि झुलीसारखे असतात. मादीचे पर आखूड. तिच्या पोटाखाली एक बारीक पांढरा ठिपका दिसतो. पण आखूड परांचे नरही बाजारात असतात. मादी घ्यायची तर पर आणि ठिपका दोन्ही पाहावे.

त्याची आणखी एक गंमत आहे. तो कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेतोच. शिवाय वर येऊन तोंडाने बाहेरची हवाही घेतो. आपल्याकडचा मरळ मासा असाच वर येतो. म्हणून पेटी काठोकाठ भरू नये. वर दोन इंच जागा ठेवावी. झाकण मात्र हवेच, कारण हा मासा उडी मारतो.

भांडण जिवावर का जाते?

खाचरातही हे मासे भांडतात. एक हरतो आणि पळून जातो. गवतात दडतो. भांडण मिटते. पेटीत काय होते? चारी बाजूंना काच. हरलेला पळणार कुठे? जिंकलेला पुन्हा पुन्हा त्याच्यावर धावतो. शेवटी हरलेला मरतो.

म्हणून दोन नर एका पेटीत कधीही ठेवू नयेत. नर आणि मादीही कायमचे एकत्र ठेवू नयेत. नर पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो. अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि राखण करतो. अंडी घातल्यावर तो मादीला जवळ येऊ देत नाही. तिला दूर जाता आले नाही, तर तो तिला मारूनही टाकतो.

माद्यांचे काय?

मादी नरापेक्षा शांत, हे खरे. पण ती अगदीच गरीब नसते. खुराड्यात नवी कोंबडी सोडून पाहा. जुन्या कोंबड्या तिला टोचतात. कोण वरचढ, कोण खाली, हे ठरेपर्यंत चैन नसते. बेट्टाच्या माद्यांचे असेच आहे. दोनच माद्या ठेवल्या तर थोरली धाकटीला सुखाने खाऊ देत नाही.

काही हौशी लोक पाच-सहा माद्या एकत्र ठेवतात. त्यासाठी शंभर लिटरच्या पुढची पेटी लागते. दाट पाणवनस्पती लागतात. एवढे करूनही काही महिन्यांनी अचानक भांडण पेटते. नवख्या माणसाने या फंदात पडू नये. मादी एकच ठेवावी.

सोबती कोण?

सोबत्याचे तीन गुण पाहावेत. तो शांत असावा. दुसऱ्याचे पर कुरतडणारा नसावा. आणि बेट्टासारखा दिसणारा नसावा.

तळाशी फिरणारा कोरी मासा चांगला. तो खाली असतो, बेट्टा बहुधा वर असते. दोघांची वाट वेगळी. कोरी सहाजणांच्या टोळीत सुखी असतो. त्याला बारीक, धुतलेली वाळू लागते. रासबोरा आणि टेट्रा मासेही सोबतीला चालतात, पण त्यांना मऊ पाणी मानवते. आपले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात प्लॅटी मासा बरा टिकतो. त्याला पिले फार होतात, म्हणून नुसते नर घ्यावेत.

टायगर बार्ब नको, तो पर कुरतडतो. गुरामी नको, तो बेट्टाच्याच कुळातला आहे. गोल्डफिश नको. त्याला गार पाणी हवे, तो मोठा होतो आणि घाणही फार करतो.

मग आपला गप्पी चालेल का? नर गप्पीचे शेपूट रंगीत आणि झुपकेदार असते. बेट्टाला तो आपलाच वैरी वाटू शकतो. मग ती त्याच्या शेपटावर धावते. काही घरी दोघे नांदतात, काही घरी नांदत नाहीत. नवख्याने गप्पी वेगळाच ठेवावा.

पेटी आणि पाणी

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. तिच्यात सुमारे छप्पन्न लिटर पाणी मावते. भरलेली पेटी साठ किलोंच्या वर जाते. खालचा ओटा किंवा टेबल भक्कम हवे. एवढ्या पेटीत एक मादी बेट्टा, सहा कोरी आणि चार प्लॅटी पुरेत.

मासे लगेच सोडू नयेत. ताजे शेण पिकाला घातले तर पीक जळते. कुजले की त्याचे खत होते. कुजवण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जंतू करतात. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया नावाचे विष तयार होते. पेटीतल्या वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात जंतू वाढले, की ते या विषाचे सौम्य क्षार करतात. हे जंतू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गाळणी चालू ठेवावी आणि माशाच्या खाण्याची चिमूट पाण्यात टाकत राहावी. जंतूंना तेच खाद्य. मग दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ती आपल्याला हितकर, माशाला घातक. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे, मग वापरावे.

बेट्टाला चोवीस ते अठ्ठावीस अंश उष्णता मानवते. परभणीकडे थंडीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा आपोआप चालू-बंद होणारा छोटा हीटर लागतो. पाण्यात हात घालण्याआधी विजेचे बटण बंद करून पिन काढावी. उन्हाळ्यात पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

वीज गेली तर बेट्टा वरची हवा घेऊन तग धरते. सगळ्याच सोबत्यांचे तसे नसते. म्हणून पेटीत गर्दी नको.

मासे सोडताना

नवे मासे आधी दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. रोग असेल तर तिथेच कळतो. मग पेटीत सोबती आधी सोडावेत, बेट्टा सर्वांत शेवटी. ती आधी आली तर सारी पेटी आपलीच समजते. मडक्याचे खापर, धार घासून, आत आडवे ठेवावे. पाणवनस्पती लावाव्यात. ज्याला दडायचे त्याला जागा हवी.

पहिले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवावे. कुणी सारखे पाठीस लागते का? कुणाचे पर फाटले का? कुणी कोपऱ्यात दडून उपाशी राहते का? बेट्टाच्या अंगावर आडवे फिके पट्टे उमटले का? ते भ्यायल्याचे चिन्ह. असे दिसले तर वाट पाहू नये. बेट्टाला त्याच दिवशी वेगळे ठेवावे. त्यासाठी झाकणाचे दुसरे भांडे आधीच तयार असावे. प्रत्येक माशाचा स्वभाव निराळा असतो. काही माद्या एकट्याच सुखी असतात.

विहिरीत सोडू नका

नको झालेला मासा विहिरीत, तलावात किंवा नदीत सोडू नये. परका मासा पाण्यात पसरला की आवरत नाही. तिलापिया हा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला. उजनी धरणावर त्याला चिलापी म्हणतात. आज तो कितीतरी नद्यांत आणि धरणांत पसरला आहे. मासा नको असेल तर दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

लक्षात ठेवा

१. मादी बेट्टा एकच ठेवा.
२. सोबती शांत आणि आखूड परांचे निवडा.
३. पेटी दोन फुटांची घ्या. चार ते सहा आठवडे पाणी मुरू द्या.
४. सोबती आधी, बेट्टा शेवटी सोडा.
५. वेगळे भांडे तयार ठेवा.
६. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खायला द्या. हे काम लेकरांना द्या, पण मोजून कसे द्यायचे ते आधी आपण दाखवा.