घाटातला कॅमेरा आणि कंपनीचा पैसा: प्रायोजकत्वाबद्दलचे काही गैरसमज

महाळुंग्याच्या एमआयडीसीत बजाज ऑटोचा कारखाना आहे. चाकण पट्ट्यात महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या कंपन्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या याच खेड तालुक्यात बैलगाडा शर्यतींचे घाट आहेत, तालमी आहेत, कबड्डीची मैदानं आहेत. कुठे गुरुवारी, कुठे रविवारी, ज्या कंपनीला जी सुट्टी त्या दिवशी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा रंगतात. अशा ठिकाणी आता गावातलाच कुणीतरी पोरगा कॅमेरा लावून उभा असतो. भर उन्हात दिवसभर लाईव्ह चालवतो, जनरेटरच्या डिझेलपासून दोन-दोन सिमकार्डांच्या डेटापर्यंतचा खर्च स्वतः सोसतो आणि रात्री बसून रील कापतो. एवढं करून त्याच्या हाती प्रायोजक लागत नाही, तेव्हा बहुतेकदा काम कमी पडलेलं नसतं. पैसा कुठे असतो आणि तो कशासाठी सुटतो, याबद्दलच्या चुकीच्या समजुती आड येतात.

गैरसमज: कारखाना शेजारी आहे, म्हणजे प्रायोजक शेजारी आहे

कारखान्याच्या गेटवर पत्र दिलं की ते बहुधा एचआर किंवा ॲडमिनच्या टेबलावर जातं. जाहिरातीचा पैसा त्या टेबलावर नसतोच. मोठ्या वाहन कंपन्यांचं मार्केटिंग मुख्य कार्यालयातून चालतं. बजाज ऑटोचं मुख्यालय आकुर्डीत आहे, महिंद्राचं मुंबईत. प्लांटचं काम गाडी बनवणं हे आहे. आणि प्रेसशॉप, फोर्जिंग किंवा वायरिंग हार्नेसच्या कंपन्यांचं गिऱ्हाईक दुसरी कंपनी असते. तुमच्या प्रेक्षकाला त्यांच्याकडून विकत घेण्यासारखं काही नसतं.

प्रायोजक शोधताना माझ्या मते पहिला प्रश्न एकच: माझ्या प्रेक्षकाला थेट माल कोण विकतो? बैलगाड्याच्या लाईव्हसाठी उत्तरं सरळ आहेत. पशुखाद्याची एजन्सी, ट्रॅक्टरचा डीलर, दुचाकीचं शोरूम, सराफ, पतसंस्था, हायवेवरचं हॉटेल. कंपनी क्रिकेटसाठी उत्तर बदलतं, कारण तिथला प्रेक्षक पंचविशी-तिशीतला, भाड्याच्या खोलीत राहणारा, शिफ्टमध्ये काम करणारा कामगार आहे. त्याला मेस लागते, मोबाईल लागतो, हप्त्यावर दुचाकी लागते, जिम लागते. डीलरकडे स्थानिक जाहिरातीचा पैसा असतो आणि निर्णय घेणारा मालक दुकानातच भेटतो.

सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या मात्र यादीतून पूर्ण काढू नका. त्यांना माल विकायचा नसला तरी माणसं हवी असतात. आयटीआय झालेला फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर मिळवण्यासाठी त्या सतत धडपडतात, आणि नेमकी तीच मुलं तुमचा सामना बघत असतात. भरतीची जाहिरात घेऊन एचआरकडे जाणं हे प्रायोजकत्वाचं पत्र देण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे. अट एक: कंपनी खरी आहे आणि कामासाठी मुलांकडून पैसे घेत नाही, याची खात्री आधी स्वतः करायची.

गैरसमज: सीएसआरमधून चॅनेलला पैसे मिळतील

चाकणमध्ये हा समज खोल रुजलेला आहे. ‘कंपन्यांना दोन टक्के द्यावेच लागतात’ हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळही आहेत. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळ यांसाठीचं प्रशिक्षण त्यात बसतं.

पण नियमांनी एक दार स्पष्टपणे बंद केलं आहे. आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून प्रायोजक होऊन केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. म्हणजे तुम्ही पत्रात ‘आपला लोगो दिवसभर झळकेल’ असं लिहिलं आणि पैसे सीएसआरमधून मागितले, तर त्याच वाक्यानं तुमचा अर्ज बाद होतो. शिवाय संस्थेमार्फत काम करून घ्यायचं, तर ती संस्था नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ खालची कंपनी असावी लागते आणि तिचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. व्यक्तीचं यूट्यूब चॅनेल यात कुठेच बसत नाही.

तालमीला मॅट हवी असेल, मुलींच्या कबड्डी संघाला प्रशिक्षक हवा असेल, तर त्या संस्थेनं सीएसआरकडे जरूर जावं. चॅनेलनं मार्केटिंगकडे जावं. दोन्ही मागण्या एकाच पत्रात घातल्या की दोन्ही बुडतात.

गैरसमज: लाखभर सबस्क्रायबर झाल्याशिवाय कुणी विचारत नाही

यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ही अट यूट्यूबची आहे. प्रायोजकाची अशी कुठलीही अट नसते आणि मॉनेटायझेशन सुरू व्हायची वाट पाहण्याचं कारण नाही.

चाकणच्या ट्रॅक्टर डीलरला विदर्भातल्या दोन लाख प्रेक्षकांचा उपयोग नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि शिरूरमधले तीन हजार गाडामालक आणि शेतकरी रोज तुमच्याकडे येत असतील, तर त्याच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. ती दाखवता मात्र आली पाहिजे. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये शहर आणि वयोगट दिसतो. यूट्यूब स्टुडिओत लाईव्हच्या वेळी एकाच क्षणी जास्तीत जास्त किती जण बघत होते आणि सरासरी किती वेळ टिकले, हे दिसतं. मागच्या चार-पाच लाईव्हचे हे आकडे एका कागदावर मांडा. प्रेक्षकांनी स्वतःहून विचारलेले प्रश्नही जोडा: बैलाला काय चारता, अमुक बूट कुठे मिळाले. मालक आकड्यांपेक्षा हे प्रश्न जास्त लक्ष देऊन वाचतो, कारण ते प्रश्न त्याच्या दुकानापर्यंत पोचणारे असतात. विकत घेतलेले फॉलोअर्स इथे उघडे पडतात, कारण त्यांच्याकडून असा एकही प्रश्न येत नाही.

गैरसमज: पॅकेज म्हणजे बॅनरचा आकार

‘गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ’ असं लिहिलं आणि प्रत्येकापुढे लोगोचा आकार टाकला की पॅकेज झालं, असं वाटतं. आपल्या यात्रांच्या पत्रिका याहून पुष्कळ पुढे आहेत. प्रथम क्रमांकाचं बक्षीस कुणाकडून, घाटाचा राजा ठरणाऱ्याला काय, फळीफोड गाड्याला काय, कोणतं इनाम कुणाच्या स्मरणार्थ, हे सगळं तिथे नावासकट छापलेलं असतं. प्रत्येक देणगीदाराला एक ठरावीक क्षण दिलेला असतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा पैलवान शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा गदेबरोबर महिंद्रा थार मिळाली, आणि लोकांच्या बोलण्यात कुस्तीइतकीच ती गाडीही राहिली. बक्षीस ही स्वतःच एक जागा आहे.

तुमच्या प्रसारणात अशा जागा कोणत्या, हे खेळ ओळखणाऱ्यालाच कळतं. बैलगाड्यात बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटल्यावर सगळ्यांची नजर दोनच ठिकाणी असते: आधी गाड्यावर आणि मग घड्याळावर. किती सेकंदात गाडा आला, तो आकडा पडद्याच्या ज्या कोपऱ्यात उमटतो, तो कोपरा दिवसभरात सर्वांत जास्त पाहिला जातो. मला विचाराल तर सर्वांत महाग विकायची जागा तीच आहे. तरी अनेक लाईव्हमध्ये तिथे चॅनेलचाच लोगो असतो आणि प्रायोजकाची पट्टी खाली कुठेतरी सरकत राहते. टोकनची सोडत, दोन बाऱ्यांमधला मोकळा वेळ, जिंकलेल्या गाडामालकाची मुलाखत, संध्याकाळची सर्वोत्तम बाऱ्यांची रील, हे प्रत्येक वेगळं विकता येतं. पशुखाद्यवाल्याला मुलाखत द्या, कारण तिथे बैलाच्या खुराकाची चर्चा आपोआप येते. हॉटेलवाल्याला मोकळा वेळ द्या. एका धंद्यातला एकच प्रायोजक घ्या आणि ते लेखी द्या. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव तिथे येणार नाही, या खात्रीचे पैसे वेगळे मिळतात.

किंमत ठरवताना दुसऱ्या चॅनेलचा दर ऐकून आकडा फेकू नका. समजा कॅमेरे, स्विचर, जनरेटर, गाडीभाडं आणि मुलांचा मेहनताना मिळून दिवसाचा खर्च २५ हजार आहे. तर आधी तो निघेल अशा चार-पाच जागा पाडा आणि त्यावर आपली कमाई ठेवा. एकाच मोठ्या प्रायोजकावर सगळा दिवस टांगू नका.

वेळेचंही गणित आहे. चैत्रातल्या यात्रेसाठी चैत्रात फिरलं तर हाती चिल्लर लागते. डीलर दसरा-दिवाळी आणि पाडवा-अक्षय्य तृतीया धरून खर्च ठरवतात, कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. हंगामाचं कॅलेंडर दिवाळीनंतर लगेच त्यांच्या हातात पडायला हवं.

गैरसमज: बैलगाडा वादाचा विषय, चांगला ब्रँड जवळ येणार नाही

७ मे २०१४ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली, हे खरं. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींसह अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचाही कायदा वैध ठरवला. आज शर्यत कायदेशीर आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आणि जनावरांना क्रूर वागणूक न देता.

ब्रँडला काळजी याच अटींची असते. म्हणून परवानगीची प्रत आणि यात्रा कमिटीचं प्रसारणाचं संमतिपत्र प्रस्तावाला जोडा. बैलाला मारहाण दिसली, तर त्या गाड्याची क्लिप प्रायोजित रीलमध्ये येणार नाही, हेही लिहून द्या आणि पाळा. बैल हा घरातला जीव मानणाऱ्या माणसांचा हा खेळ आहे. कॅमेऱ्यानं त्याचा मान राखला तरच तो पुढे टिकेल.

गैरसमज: पैसे घेतले हे सांगितलं की विश्वास जातो

सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय हिची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली जून २०२१ पासून लागू आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही मार्गदर्शिका काढली. पैसे, वस्तू, प्रवास, सवलत, यांपैकी काहीही घेतलं असेल तर ते दिसेल असं जाहीर करायचं, आणि व्हिडिओच्याच भाषेत. ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ हा शब्द पुरतो. लाईव्हमध्ये तो एकदा झळकून जाऊन चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. गावातला प्रेक्षक पैसे घेतल्याबद्दल रागावत नाही, तो स्वतः बक्षिसांच्या पत्रिका वाचत मोठा झालेला असतो. फसवल्याचा मात्र त्याला राग येतो.

फुकट मिळालेली वस्तू करमुक्त असते, हाही समज चुकीचा. १ जुलै २०२२ पासून धंद्याच्या संबंधात मिळालेल्या वस्तू किंवा सवलती वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेल्या, की देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस भरला जाईल हे पाहायचं असतं. रिव्ह्यू करून मोबाईल परत दिला तर प्रश्न नाही, ठेवून घेतला तर ते तुमचं उत्पन्न.

सामन्याच्या आदल्या रात्री मेसेज करून झटपट पैसे देऊ करणाऱ्या पैशांच्या खेळांच्या ॲपना साफ नकार द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम११ याच कायद्यामुळे गेलं आणि तिथे अपोलो टायर्स आलं. ‘न्यूज’ किंवा ‘स्पोर्ट्स ब्लॉग’ असं नाव लावून येणाऱ्या सट्ट्याच्या लिंकही त्यातल्याच. हप्ते फेडणारा कामगार तुमच्या भरवशावर त्या लिंकवर बोट ठेवतो, याचा विचार दंडाच्याही आधी व्हावा.

आयपीएलच्या क्लिपा टाकून व्ह्यूज वाढवू आणि मग प्रायोजक आणू, हेही जमत नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले आहेत आणि हक्कदार क्लिप काढून टाकतात. रीलवर वाजणारी सिनेमाची गाणीही प्रायोजित व्हिडिओत तशीच वापरता येत नाहीत. हलगी, ढोल आणि निवेदकाचा आवाज तुमचा स्वतःचा आहे, तो वापरा.

गैरसमज: ओळखीतला व्यवहार, लिहून कशाला घ्यायचं?

ओळख असते म्हणूनच लिहून घ्यायचं, म्हणजे नंतर ओळख टिकते. किती व्हिडिओ, कोणत्या तारखांना, किती वेळा बदल करून देणार, ब्रँड तुमचं चित्रण किती महिने वापरणार, पाऊस पडून शर्यत रद्द झाली तर काय, निम्मे पैसे आगाऊ कधी. एक पान पुरतं. दिवस संपल्यावर आठवड्याच्या आत मालकाला आकडे, पडद्याचे फोटो आणि प्रेक्षकांच्या कॉमेंट पाठवा. पुढच्या वर्षीचा व्यवहार त्या कागदावर होतो.

आणि आधार कार्डावर मोफत होणारी उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. पैसे वेळेत न दिल्यास तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा धरता येत नाही, अशी तरतूदही आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आली. हा नियम जाणणारा लहान व्हेंडर बिलावर आपला उद्यम क्रमांक छापतो. तुमच्याही बिलावर तो असू द्या.