आवाजाची वाट, भाग ६ : प्रीअँपच्या मागची जोडणी

गेल्या आठवड्यात डायनॅमिक, कंडेन्सर आणि रिबन हे माइकचे तीन प्रकार पाहिले. आता ते प्रीअँपला जोडायचे. प्रीअँप विकत घेताना सगळे पुढची बटणं आणि मीटर बघतात, पण रेकॉर्डिंगचं बरंवाईट बऱ्याचदा मागच्या बाजूलाच ठरतं.

गायकांच्या हातात नेहमी दिसणारा शुअरचा एसएम ५८ घ्या. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो जेमतेम १.८८ मिलिव्होल्ट देतो. स्टुडिओतली यंत्रं एकमेकांशी ज्या पातळीवर बोलतात ती लाइन लेव्हल, म्हणजे +४ डीबीयू, १.२३ व्होल्टची. मधलं अंतर सुमारे साडेसहाशे पटींचं आहे आणि ते भरून काढणं हेच प्रीअँपचं काम. ते एकदा झालं की पुढे कुणी पुन्हा करायचं नसतं.

सगळ्यात जास्त गफलत नेमकी इथे होते. प्रीअँपच्या आउटपुटला एक्सएलआर, इंटरफेसच्या माइक इनपुटलाही एक्सएलआर. केबल सहज बसते, म्हणून लावून टाकतात. मग आधीच वाढलेला सिग्नल दुसऱ्या प्रीअँपमध्ये शिरतो आणि आवाज फाटतो. गेन उतरवून फाटणं थांबलं, तरी हौसेने घेतलेल्या प्रीअँपचा आवाज इंटरफेसच्या प्रीअँपमधूनच बाहेर पडतो. त्यात इंटरफेसचा ४८ व्होल्टचा स्विच चालू असेल, तर ती वीज उलटी आपल्या प्रीअँपच्या आउटपुटवर येते. तेव्हा आउटपुट लाइन इनपुटलाच द्या. ते बहुधा पाव इंची जॅकचं असतं. त्यासाठी एका टोकाला फीमेल एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला टीआरएस असलेली केबल लागते.

आता माइकची केबल. एक्सएलआरच्या पिन १ ला शील्ड, २ ला हॉट, ३ ला कोल्ड. २ आणि ३ वर तोच सिग्नल एकमेकांच्या उलट असतो. वाटेत वीजवाहिनीची ५० हर्ट्झची घरघर चिकटली, तर ती दोन्ही तारांवर सारखीच चिकटते. प्रीअँप फक्त दोन तारांमधला फरक वाढवतो, त्यामुळे घरघर जाते आणि गाणं राहतं. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती या क्षेत्रात दुसरी नाही, असं मला वाटतं. मात्र सोल्डर करताना एका केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल झाली, तर त्या माइकचा सिग्नल उलटा होतो. तानपुऱ्याला दोन माइक लावलेत, वेगवेगळे ऐकताना दोन्ही छान आहेत आणि एकत्र केले की खर्ज पातळ होतो, असं झालं तर प्रीअँपवरचं फेजचं बटण एका चॅनलला दाबून बघा. खर्ज परत आला, तर आधी केबल तपासा.

कंडेन्सरला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर याच तारांतून जाते. १९६६ साली नॉयमानने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी ही सोय केली. तिथे आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तोच आकडा रूढ झाला. पिन २ आणि ३ वर दाब सारखाच असल्याने डायनॅमिक माइकच्या कॉइलमधून प्रवाह वाहत नाही आणि त्याला काही होत नाही. रिबनचं मात्र सांभाळा. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काही मायक्रॉन जाडीची असते. केबलमध्ये एखादी तार तुटलेली किंवा शॉर्ट असेल, तर दाबाचा तोल जातो आणि झटका त्या पट्टीला बसू शकतो. टीआरएसच्या पॅचबेवर, म्हणजे जोडण्या बदलायच्या पॅनेलवर, प्लग आत सरकताना क्षणभर शॉर्ट होतोच, म्हणून फँटम चालू असलेली लाइन पॅचबेवर आणूच नका.

जोडताना गेन पूर्ण खाली आणि मॉनिटर बंद ठेवा. आधी केबल लावा, मग ४८ व्होल्ट चालू करा आणि थोडं थांबून गेन वर न्या. काढताना गेन उतरवा, फँटम बंद करा आणि अर्धा मिनिट जाऊ द्या. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ व्होल्टेज उरलेलं असतं.

गेन नेमका किती ठेवायचा, ते पुढच्या भागात.