गटाची सहल आणि गर्दीपासून दूरचा समुद्र

दिवाळी सरली, सुगी उरकली की बचत गटाच्या बैठकीत सहलीचा विषय हमखास निघतो. गाडी ठरते, वर्गणी निघते आणि समुद्र बघायचा म्हटलं की ठिकाणंही ठरलेलीच असतात. गणपतीपुळे, नाहीतर मालवण-तारकर्ली. ती वाईट नाहीत, पण सुट्टीच्या दिवसांत तिथे समुद्रापेक्षा माणसंच जास्त दिसतात. म्हणून आज आम्ही कोकणातल्या कमी गाजलेल्या जागांबद्दल बोलणार आहोत. त्या निवडताना आम्ही एकच पाहिलं. आपण पै पै साठवून काढलेला सहलीचा पैसा जातो कुणाच्या घरी?

पहिलं गाव वेळास. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या जवळ. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांना बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी ओलांडता येते, गाडीसकट. इथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर ती लाखांनी येतात, आपल्याकडे एकेकटी.

मादी रात्री वाळूत चढते, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा फिरून बघत नाही. पूर्वी ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची, नाहीतर माणसंच काढून न्यायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. पहाटे किनाऱ्यावर फेरी मारायची, वाळूतल्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुरायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. मग ती किनाऱ्यावर सोडतात आणि ती आपल्या आपण लाटांकडे चालू लागतात. उचलून पाण्यात ठेवत नाहीत. एक गंमत सांगतो. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

2006 पासून हा सोहळा बघायला बाहेरची माणसं येऊ लागली आणि गावातल्या घरांनी आपल्याच ओटी-पडवीत त्यांची सोय केली. चुलीवरची भाकरी, सोलकढी, कुठे उकडीचे मोदक. बाहेरच्या मालकाचं मोठं हॉटेल आलं असतं, तर गावच्या बाईला तिथे भांडी घासायचं काम मिळालं असतं. इथे ती स्वतःच्या घरची यजमानीण आहे. आपल्याला तीस बायकांचा स्वयंपाक म्हणजे काय ते ठाऊक आहे. तेव्हा जेवणाच्या दरावरून तिच्याशी घासाघीस करू नये, एवढं आमचं सांगणं.

जायचं ते साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. पण पिल्लं काही आपल्या गाडीची वेळ बघून बाहेर येत नाहीत. एखाद्या दिवशी वीस निघतात, एखाद्या दिवशी एकही नाही. म्हणून एक मुक्काम तरी धरावा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन वेळा किनाऱ्यावर जाता येतं. मोबाईलचा फ्लॅश आणि बॅटरी लावायची नाही. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, आपल्या उजेडाने ते समुद्राऐवजी गावाकडे वळतं. हात लावायचा नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही.

दुसरी जागा थेट सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. इथे स्वामिनी नावाच्या महिला बचत गटाने 2017 साली कांदळवनाची सफर सुरू केली. मच्छीमार घरांतल्या या बाया. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाची मदत मिळाली, प्रशिक्षण झालं आणि आता त्या स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना खाडीत फिरवतात, झाडं-पक्षी दाखवतात. आपल्यासारखाच गट, आपल्यासारखीच बैठक आणि हिशेबाची वही. नुसतं बघायला नाही, विचारायलाही जावं असं हे ठिकाण आहे. पहिल्या वर्षी किती जणी टिकल्या, पैसे कसे वाटून घेता, पावसाळ्यात काय करता, हे त्यांनाच विचारावं.

आणि ती झाडं बघण्यासारखी आहेतच. आपल्या शेतात क्षार वाढले की पीक पिवळं पडतं. कांदळवन मात्र खाऱ्या पाण्यातच उभं. तिवराचं झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटून बघा, खारट लागतं. चिखलात हवा नसते म्हणून त्याची मुळं पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, शेंगेसारखं लोंबतं आणि तयार रोप होऊनच चिखलात पडतं. याच मुळांच्या जाळीत मासळी, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं वाढतात आणि वादळी लाटेचा मार हीच झाडं आधी झेलतात. सरपणासाठी कांदळवन तुटलं, तर पुढे मासळी तुटते, हे किनाऱ्यावरच्या बायांना कुणी शिकवायला नको.

वेंगुर्ल्याला गेलातच तर भोगवे आणि निवतीचे किनारे जवळच आहेत. भोगव्याला कर्ली नदी समुद्राला मिळते. निवतीला छोटा किल्ला आहे, चढ फार नाही. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशन बरं पडतं.

आता थोडं जिवाचं. अशा निवांत किनाऱ्यांवर पुष्कळदा जीवरक्षक नसतो. साडी भिजली की जड होते, पायांत गुंडाळते आणि लाटेत उठताही येत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हा नियम गाडीत बसण्याआधीच ठरवावा आणि तो मोडणारीला दंड लावावा, हप्ता चुकल्यावर लावतो तसा. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं. हा अंदाज आहे. नक्की वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारावी, त्यांनी नको म्हटलं तर पाण्यात उतरू नये.

होडीची फेरीही पाण्यावर अवलंबून असते, म्हणून आधी फोन करून वेळ आणि माणसांची संख्या कळवावी. एका होडीत किती बसायचं ते वल्हवणारी ठरवेल. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पदराच्या वरून. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या, गावात कचऱ्याची गाडी येतेच असं नाही. रिकामी पाकिटं पिशवीत घालून परत आणायची. आणि कोकम, आगळ, कुळथाचं पीठ घ्यायचं असेल तर ते हमरस्त्यावरच्या दुकानातून न घेता जिच्या घरी जेवलात तिच्याकडूनच घ्या. तिच्याकडे नसेल तर शेजारणीकडे निघेल.