कार्ड नाकारले? आधी लेखी कारण मागा

भोसरी - खरेदीच्या रकमेतील एक ते पाच टक्के पैसे परत मिळवून देणाऱ्या 'कॅशबॅक' क्रेडिट कार्डाचे आकर्षण आता कार्यालयीन नोकरदारांपुरते उरलेले नाही. भोसरी औद्योगिक वसाहतीतील यंत्रचालक, पर्यवेक्षक आणि छोट्या वर्कशॉपचे मालकही अशा कार्डासाठी अर्ज करीत असतात. मोबाईलवर हा अर्ज काही मिनिटांत भरता येतो. मात्र नकारही तेवढ्याच वेगाने येऊ शकतो. अंतर्गत धोरणात अर्ज बसत नाही, अशा आशयाची एक ओळ वाचून अर्जदार दुसऱ्या बँकेकडे वळतो आणि तेथेही नकार मिळाल्यास तिसऱ्या. या घाईत एक महत्त्वाचा हक्क वापरलाच जात नाही, तो म्हणजे नकाराचे लेखी कारण मागण्याचा.

परताव्याचे गणित

कॅशबॅक हा दुकानदाराकडून मिळणाऱ्या शुल्कातून आणि ग्राहकाने भरलेल्या व्याजातून कमावणाऱ्या कार्ड कंपनीने दिलेला वाटा असतो. पाच टक्क्यांचा दर साधारणपणे ठरावीक संकेतस्थळांवरील खरेदीपुरता असतो आणि त्याला बहुधा मासिक मर्यादा असते. पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे असे व्यवहार अनेकदा वगळलेले असतात.

महिन्याला वीस हजार रुपयांच्या खरेदीवर एक टक्का दराने दोनशे रुपये परत मिळतात. तेच वीस हजार थकले, तर दरमहा साडेतीन टक्के दराने सातशे रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ८२६ रुपये द्यावे लागतात. कार्डावरील व्याज वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक नसावे, असा आदेश राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे संपूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यालाच हे कार्ड परवडते.

बँक काय पाहते?

क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज आहे. अशा कर्जांची वाढ पाहून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्ड थकबाकीवरील जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. कार्डासाठी बँकेला अधिक भांडवल बाजूला ठेवावे लागत असल्याने निवड साहजिकच काटेकोर होते.

अर्ज येताच बँक उत्पन्न, नोकरीचे स्थैर्य, पत्ता आणि पतअहवाल तपासते. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. मागील हप्ते वेळेवर भरले का, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले, यांवरून ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक ठरतो. प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. म्हणूनच एका नकारानंतर आठवडाभरात चार अर्ज करणारा ग्राहक पाचव्या बँकेला पैशांची निकड असलेला वाटू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुणांक कमी होत नाही.

भोसरीतील अडचणी

औद्योगिक पट्ट्यातील अर्जदारांच्या काही अडचणी येथील कामाच्या स्वरूपातून येतात. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याचा ठेकेदार बदलला, की कागदावर त्याची नोकरीच बदलते. तो मात्र वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभा असतो. ओव्हरटाइमचे पैसे रोखीने मिळत असतील, तर बँक खात्यातील उत्पन्न कमी दिसते. मराठवाडा, विदर्भातून आलेल्यांच्या आधार कार्डावर गावाचा पत्ता असतो, तर राहण्याची खोली लांडेवाडीत किंवा दिघी रस्त्यावर असते. कारखान्याच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी पडताळणीसाठी माणूस आला, तर त्याला दार बंदच दिसते.

लघुउद्योजकांचा प्रश्न वेगळा आहे. मालकी हक्काच्या वर्कशॉपचे कर्ज मालकाच्याच नावावर असते. मोठ्या कंपनीने जॉबवर्कचे बिल दोन महिने अडकवले आणि त्यामुळे बँकेचा हप्ता चुकला, तर अहवालात चूक नोंदली जाते ती मालकाची. मित्राच्या बँक कर्जाला जामीन राहिलेल्यालाही मित्राची थकबाकी भोवते.

तिसरा गट भिशी आणि पतसंस्थेवर संसार चालवणाऱ्यांचा. पतसंस्थांची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० नुसार होते व त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. तेथे दहा वर्षे नियमित हप्ते भरले, तरी त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे बहुधा नसते. परिणामी शिस्तीने कर्ज फेडणारा माणूस बँकेच्या दृष्टीने इतिहास नसलेला ठरतो. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना असल्याचे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले होते.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेले कार्डविषयक निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. अर्ज नाकारल्यास कोणत्या विशिष्ट कारणाने नाकारला, हे बँकेने लेखी कळवावे, असे त्यांत म्हटले आहे. धोरणात बसत नाही, एवढे मोघम उत्तर या कसोटीला उतरत नाही. अर्जदाराने अर्ज क्रमांकासह बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ई-मेल पाठवून कारण विचारावे. पतअहवालामुळे नकार दिला असेल, तर त्या अहवालाची प्रतही मागता येते.

कारण कळले, की पुढचा मार्ग ठरतो. पत्ता जुळत नसेल, तर नोंदणीकृत भाडेकरार आणि कंपनीचे पत्र जोडून फेरविचाराची विनंती करता येते. उत्पन्न अपुरे ठरले असेल, तर अद्ययावत वेतनपत्रक किंवा प्राप्तिकर विवरणपत्र देता येते. इतिहासच नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा सुरक्षित पर्याय आहे. गुणांक कमी असेल, तर मात्र अहवाल ओळीओळीने तपासणे भाग आहे.

चुकीच्या नोंदीवर दाद

चारही कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून लागू आहे. फेडलेले कर्ज बंद झाल्याचे दिसत नाही, मोबाईलच्या हप्त्यांतील किरकोळ रक्कम थकीत राहिली आहे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर आले आहे, अशा चुका तेथे सापडू शकतात. तडजोडीने मिटवलेले कर्ज आणि पूर्ण फेडलेले कर्ज यांची नोंद वेगवेगळी होते, हेही ध्यानात ठेवावे.

तक्रार केल्यापासून तीस दिवसांत चूक दुरुस्त न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचे बंधन एप्रिल २०२४ पासून आहे. त्यातील पहिले २१ दिवस माहिती पुरवणाऱ्या बँकेला किंवा वित्तसंस्थेला मिळतात. विलंब ज्याच्याकडून झाला, भरपाई त्याने द्यायची असते. बँकांनी पतमाहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी, हा नियम जानेवारी २०२५ मध्ये लागू झाल्याने दुरुस्तीचा परिणाम पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

लोकपालाकडे काय मागता येते?

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. मात्र कार्ड द्यायचे की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि त्यात लोकपाल हस्तक्षेप करीत नाही. त्यामुळे 'मला कार्ड द्या' ही तक्रार टिकणारी नाही. 'मला कारण दिले नाही' किंवा 'माझी नोंद चुकीची आहे' ही तक्रार टिकते.

एखाद्या बँकेने कार्ड नाकारल्याने महिन्याला दोन-चारशे रुपयांचा परतावा हुकतो, याहून मोठे नुकसान होत नाही. परंतु ज्या नोंदीमुळे कार्ड नाकारले गेले, तीच नोंद उद्या मोशी किंवा चिखलीत घर घेताना गृहकर्जाच्या टेबलावर येणार असते. पतमाहिती किमान सात वर्षे जपून ठेवली जाते. नकाराचे कारण आज मागून घेतले, तर ती चूक गृहकर्जाच्या अर्जाआधीच निस्तरता येईल.