अम्मींची चांदणी आणि माझे नाक

गेल्या वर्षी अम्मींचा इंतेकाल झाला. ताजियतीला आलेली भावंडे परत निघाली तेव्हा एकच प्रश्न उरला, चांदणीचे काय? चांदणी म्हणजे अम्मींची पांढरी मांजर. भाऊ दुबईला, बहीण भाड्याच्या घरात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मला तर लहानपणापासून मांजर जवळ आली की सटासट शिंका, डोळ्यांना खाज, पावसाळ्यात थोडा दमाही.

"बाजी, कुणाला तरी देऊन टाक," भाऊ म्हणाला. शेजारच्या मुलीने तर सुचवले, "खाला, हिच्याऐवजी पर्शियन घ्या. तिची ॲलर्जी होत नाही म्हणे."

डॉक्टरांना विचारले तर ते हसले. दोष केसांचा नाहीच. मांजरीच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन तयार होते. ती अंग चाटते, लाळ सुकते आणि त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. लांब केसांची असो की आखूड, हे प्रथिन प्रत्येक मांजरीत असते. कुणात कमी, कुणात जास्त. खच्ची न केलेल्या बोक्यात सहसा जास्त. कुत्र्यांचेही तसेच. कमी केस गाळणारा म्हणून पूडल घेणाऱ्यांच्या घरांतही हे कण काही कमी आढळले नाहीत. तेव्हा जात पाहून पैसे मोजण्यापूर्वी, जो प्राणी आणायचा त्याच्याच घरी चार-पाच वेळा तास-दोन तास बसून यावे.

माझ्यापुढे निवड नव्हतीच. चांदणी आली.

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त शिंका कुठे आल्या असतील? सजद्यात! बाईसाहेबांनी माझ्या मखमली जानमाजवर बैठक मारलेली. मांजर नापाक नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पाक असणे वेगळे आणि नाकाला सोसणे वेगळे. आता साधी सुती जानमाज वापरते, नमाज झाली की कपाटात, आणि दर आठवड्याला गरम पाण्यात धुते. दिवाणखान्यातला गालिचा काढला. झोपायच्या खोलीचे दार दिवसभर बंद. तिथे चांदणीला मनाई, मग ती कितीही ओरडो. झाडूने कण उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसणे. तिला विंचरण्याचे काम मुलाकडे, तेही गॅलरीत. कुरवाळले की मी लगेच हात धुते.

"आठवडाभर तिला बाहेर ठेवून बघू, फरक पडतो का," असे आमचे हे म्हणाले होते. त्याचा उपयोग नाही. मांजर गेल्यावरही ते कण गादी-पडद्यांत कित्येक महिने राहतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली. शिंका, नाक गळणे याला गोळ्या आहेत. पण छातीत घरघर वाढली, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर मांजरीला दुसरे घर शोधायचे, तिथे भावनेला जागा नाही. त्यांनी श्वास मोजायचे छोटे मीटर दिले आहे. रोज सकाळी फुंकते आणि आकडा वहीत लिहिते, हजेरीसारखा.

पावसाळा गेला. आकडा दोनदा घसरला, औषधाने सावरला. बहिणीला सांगून ठेवले आहे, वेळ आलीच तर घरमालकाला विचार. चांदणी सध्या गॅलरीत, अम्मींच्या खुर्चीवर झोपते.