विक्रीची गाडी, शर्यतीची गाडी

फ्रान्सच्या पश्चिम भागातील ल माँ या शहरालगत दरवर्षी, बहुधा जून महिन्यात, जी चोवीस तासांची मोटारशर्यत भरते, ती प्रथमच पाहणाऱ्याला काही वेळ गोंधळात पाडते, कारण १३.६२६ किलोमीटर लांबीच्या त्या वाटेवर, जिचा बराचसा भाग एरवी सार्वजनिक रहदारीचा रस्ता असतो, साठाच्या आसपास गाड्या एकाच वेळी सोडलेल्या असतात, आणि त्यांतील काही जमिनीला चिकटून सरपटणाऱ्या, पाठीवर उभी कल्ली असलेल्या, कोणत्याही दुकानात न मिळणाऱ्या अशा असतात, तर काहींना आरशापासून दरवाजापर्यंत पोर्शे ९११ किंवा बीएमडब्ल्यू एम४ म्हणून कोणीही ओळखावे. पहिल्या प्रकारच्या गाड्यांना प्रोटोटाइप म्हणतात. त्या केवळ शर्यतीकरिता जन्मास येतात. दुसऱ्या प्रकाराला जीटी ही संज्ञा आहे. त्या विक्रीच्या गाडीपासून सिद्ध केलेल्या असतात. प्रत्येक वर्गाचा विजेता वेगळा, चषक वेगळा. परंतु रस्ता एक, रात्र एक आणि पाऊस आला तर तोही सर्वांना सारखाच. या दोन प्रकारांमधील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न जितका यंत्रशास्त्राचा तितकाच कायद्याचा आहे, आणि माझ्या मते दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचा खरा इतिहास या सीमेच्या तंट्यातच दडलेला आहे.

१९२३ च्या मे महिन्यात ऑटोमोबिल क्लब द ल्वेस्त या संस्थेने ही शर्यत प्रथम भरवली, तेव्हा हा तंटा नव्हता. उद्देश सरळ होता: ग्राहक जी गाडी विकत घेतो ती रात्रभर दिवे लावून, खड्ड्यांतून, चिखलातून सतत चालवली असता टिकते की नाही, हे सर्वांसमक्ष ठरवावे. म्हणून लहान इंजिनांच्या गाड्या वगळता इतरांना चार आसने असावीत, गैरहजर प्रवाशांच्या जागी वजने ठेवावीत, दुरुस्ती चालकानेच गाडीतील हत्यारांनी करावी, अशा अटी होत्या. आणि पुढे लवकरच उघड्या गाड्यांचे छत शर्यतीच्या मध्येच उभारून काही फेऱ्या तशाच करण्याचे बंधनही आले. त्या पहिल्या वर्षी आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांची शेनार-वाल्कर गाडी सर्वाधिक अंतर तोडून गेली, आणि निघालेल्या ३३ गाड्यांपैकी ३० अखेरपर्यंत टिकल्या. आयोजकांच्या दृष्टीने हा दुसरा आकडाच अधिक मोलाचा असला पाहिजे.

महायुद्धानंतर १९४९ साली शर्यतीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा युरोपातील कारखाने नुकते कोठे सावरत होते. विक्रीस तयार अशा नव्या गाड्या पुरेशा नव्हत्या, म्हणून अद्याप बाजारात न आलेल्या नमुन्यांनाही प्रवेशाची मुभा देण्यात आली. अडचणीपोटी दिलेली ही सवलत पुढे कायम झाली आणि तिने शर्यतीचे स्वरूप पालटले. तिचे सुफळही लवकरच दिसले: १९५३ साली जॅग्वारने आपल्या सी-टाइप गाडीला डिस्क ब्रेक लावून विजय मिळवला, आणि जो ब्रेक त्या काळी नवलाईचा होता तो आज आपल्याकडील मोटारसायकलींनाही असतो. याच जॅग्वारची मालकी २००८ साली आपल्या टाटा मोटर्सकडे आली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु प्रोटोटाइप एकदा आत आल्यावर ‘विक्रीची गाडी’ म्हणजे नेमके काय, हे सांगणे नियमकर्त्यांना भाग पडले, आणि त्यांनी सर्वांत सोपा मार्ग पत्करला: मोजदाद. अमुक इतक्या गाड्या बांधल्याचा दाखला द्या आणि जीटी वर्गात बसा. साठीच्या दशकात हा आकडा १०० होता. फेरारीची १९६२ ची २५० जीटीओ, जी आज जगातील सर्वांत मौल्यवान मोटारींपैकी गणली जाते, ती तीन लिटर इंजिनाच्या रूपात ३६ पेक्षा अधिक बांधलीच गेली नाही. ती जुन्याच २५० जीटीची सुधारित आवृत्ती आहे, असा युक्तिवाद करून कारखान्याने मान्यता मिळवली. पुढे मध्यभागी इंजिन असलेल्या २५० एलएम गाडीसाठी तोच युक्तिवाद आंतरराष्ट्रीय महासंघाने नाकारला, आणि तिला प्रोटोटाइप वर्गात धावावे लागले. १९६५ साली याच नाकारलेल्या गाडीने, योखेन रिंट आणि मास्टेन ग्रेगरी यांच्या हाती, ल माँची संपूर्ण शर्यत जिंकली!

१९६८ पासून वेगाला आळा घालण्यासाठी प्रोटोटाइपचे इंजिन तीन लिटरपुरते मर्यादित केले गेले. मात्र ज्या स्पोर्ट्स गाडीच्या ५० प्रती बांधल्या आहेत तिला पाच लिटरांची परवानगी राहिली, आणि या तरतुदीचा लाभ घेऊन फोर्डच्या तोवर जुन्या झालेल्या जीटी४० ने १९६८ व १९६९ अशी दोन्ही वर्षे विजय मिळवला. त्यानंतर ५० चा आकडा २५ वर उतरवण्यात आला. जुन्या गाड्या काही काळ चालत राहाव्यात, एवढाच या शिथिलतेमागचा हेतू होता. पोर्शेमधील फर्डिनांड पिएख यांनी मात्र तिचा अर्थ निराळा लावला. केवळ शर्यतीसाठी आखलेली, साडेचार लिटर इंजिनाची, ९१७ नावाची गाडीच त्यांनी पंचवीस वेळा बांधायचे ठरवले. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी प्रथम पूर्ण झालेल्या गाड्या मोजक्याच पाहून मान्यता नाकारली. तेव्हा, असे सांगतात, कारखान्यातील कारकुनांनाही जोडणीच्या कामी लावले गेले, आणि एप्रिल १९६९ मध्ये झुफेनहाउझेन येथील अंगणात पंचवीस पांढऱ्या-हिरव्या गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. कायद्याची अक्षरे पाळली गेली. परंतु विक्रीची गाडी ही विकावीही लागते, आणि जून महिन्यात त्यांपैकी एक गाडी विकत घेऊन स्वतः शर्यतीत उतरलेले जॉन वुल्फ हे हौशी इंग्रज चालक पहिल्याच फेरीत अपघाती मृत्यू पावले. त्या काळी तिची स्थिरता इतकी बेभरवशाची होती की, कारखान्याचे निष्णात चालकसुद्धा तिला बिचकत असत. पुढे ती सुधारली, १९७० साली पोर्शेला ल माँचा पहिला सर्वंकष विजय तिनेच मिळवून दिला, आणि १९७१ साली तिने तोडलेले ५,३३५ किलोमीटरांचे अंतर २०१० पर्यंत कोणी ओलांडू शकले नाही. तिच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पण तिला विक्रीची गाडी ठरवणारा नियम सदोष होता, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मोजदादीचा हा डाव पुन्हा एकदा खेळला गेला तो १९९४ साली. ज्या जीटी गाडीची एखादीच रस्त्यावर चालण्यास परवाना असलेली प्रत आहे तिलाही प्रवेश आणि शिवाय प्रोटोटाइपपेक्षा मोठी इंधनटाकी मिळेल, असा तेव्हाचा नियम होता. त्याचा आधार घेऊन दाउअर नावाच्या लहान जर्मन कंपनीने पोर्शे ९६२ या जुन्या प्रोटोटाइपलाच रस्त्याचा परवाना मिळवून दिला, आणि ती गाडी जिंकली. पुढच्याच वर्षी मॅकलारेन एफ१ ने विजय मिळवला, तिची कथा मात्र अगदी उलट आहे. गॉर्डन मरे यांनी ती केवळ रस्त्यासाठी आखली होती आणि शर्यतीचा विचार मागाहून, ग्राहकांच्या आग्रहाने आला. जीटी वर्गाचा मूळ आशय ज्या एका गाडीत मला पूर्णत्वाने दिसतो ती हीच. दुर्दैवाने तिच्या यशाने स्पर्धकांना उलटा धडा शिकवला. पोर्शे आणि मर्सिडीज यांनी आधी शर्यतीची गाडी आणि मग तिच्या मोजक्या रस्त्यावरील प्रती असा क्रम धरला, खर्च असह्य झाला, आणि दशक संपण्यापूर्वीच तो वर्ग मोडीत निघाला.

आज मोजदादीची जागा मोजमापाने घेतली आहे. ल माँला सध्या तीन वर्ग धावतात. सर्वांत वरचा हायपरकार. त्यात कारखान्याने संपूर्ण गाडी स्वतः बांधावी, अथवा डलारा, मल्टिमॅटिक, ओरेका व लिजिए या चौघांपैकी एकाकडून सांगाडा आणि ठराविक पुरवठादारांकडून विद्युत-संकर यंत्रणा घेऊन आपले इंजिन व रूप चढवावे, असे दोन मार्ग आहेत. दोन्हींची शक्ती सुमारे ५०० किलोवॅट, म्हणजे ६७० अश्वशक्तीच्या आसपास, आणि किमान वजन १,०३० किलो. मधल्या एलएमपी२ वर्गात एकाच बनावटीचे इंजिन असते व तो खासगी संघांसाठी राखीव आहे. तिसरा एलएमजीटी३, विक्रीच्या गाड्यांपासून बनलेला. वरच्या आणि खालच्या वर्गात गाडीगणिक वजन, शक्ती व दोन थांब्यांच्या दरम्यान खर्चावयाची ऊर्जा अधिकारी ठरवून देतात, आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर बसवलेले मापक ती आज्ञा पाळली जाते की नाही याची क्षणोक्षणी नोंद करतात. यामुळे फेरारी, टोयोटा, पोर्शे, कॅडिलॅक असे अनेक कारखाने एकत्र आले, हा मोठाच लाभ. परंतु उत्तम अभियंत्याने कष्टाने मिळवलेली आघाडी पुढील आदेशपत्रात छाटली जाऊ शकते, ही सलही त्यात आहे, आणि ती मला मान्य करवत नाही.

वर्ग वेगळे असले तरी ते एकमेकांपासून अलिप्त नाहीत. हायपरकार एक फेरी साधारण साडेतीन मिनिटांत, तर जीटी३ गाडी सुमारे चार मिनिटांत पुरी करते. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या आत तीच हायपरकार त्याच जीटी गाडीला पुन्हा गाठते. अशा वीसहून अधिक जीटी गाड्या धरल्या तर चोवीस तासांत एका चालकसंघाला हजाराच्या घरात वेळा त्यांना ओलांडावे लागते, त्यातील कित्येकदा काळोखात. २०११ साली ऑडीच्या तीन गाड्यांपैकी दोन, अॅलन मॅकनिश आणि माइक रॉकेनफेलर यांच्या, जीटी गाड्यांशी झालेल्या टकरीत छिन्नविच्छिन्न झाल्या. दोघेही बचावले हे सांगाड्याच्या बांधणीचे श्रेय. उरलेल्या एकट्या गाडीने १३.८५४ सेकंदांच्या फरकाने विजय मिळवला. वेगवान चालकाची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही, मंद गाडीच्या मागे होते. आणि मंद चालकाचे कौशल्य असे की, आरशात दिवे दिसताच आपली रेषा न बदलता, दुसऱ्याला अंदाज येईल अशा रीतीने, आपली स्वतःची शर्यत लढत राहावे. २०१२ साली चेन्नईच्या करुण चंढोक यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह प्रोटोटाइपमधून एकूण सहावा क्रमांक मिळवला, तो अशाच गर्दीतून.

जीटी वर्गात आणखी एक जुनी परंपरा जिवंत आहे. चालकांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर व ब्राँझ अशी प्रतवारी केलेली असते, आणि एलएमजीटी३ च्या प्रत्येक गाडीत किमान एक ब्राँझ, म्हणजे बहुधा अन्य व्यवसाय करणारा हौशी चालक, असावाच लागतो. १९७९ साली पॉल न्यूमन हा चित्रपटनट वयाच्या ५४ व्या वर्षी विक्रीच्या ९११ वर आधारलेल्या पोर्शे ९३५ मधून एकंदर दुसरा आला होता, आणि त्या वर्षी जिंकलेली गाडीही ९३५ च होती. असा योग आता येणे कठीण.

तरीही सीमेवरचा एक प्रवासी अलीकडेच आला आहे. हायपरकारचे नियम प्रथम आखले गेले तेव्हा त्या गाड्या रस्त्यावरील महागड्या मोटारींपासून बनाव्यात असा विचार होता. पुढे ती अट सैल झाली आणि बहुतेकांनी निखळ प्रोटोटाइपच बांधले. अॅस्टन मार्टिनने मात्र २०२५ साली व्हल्किरी ही रस्त्यावर चालणारी गाडी आधाराला घेऊन, बारा सिलिंडरांचे इंजिन ठेवून आणि विद्युत-संकराची मदत न घेता ल माँ गाठले. तिच्या दोन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. अग्रभागी त्या नव्हत्या, परंतु १९२३ च्या आयोजकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वरच्या वर्गात त्यांनीच दिले, आणि दुसऱ्या एखाद्या कारखान्याने हाच मार्ग धरावा असे मला मनापासून वाटते.